खालच्या सुरातल्या दोघी

नांदेड
मंगळवार, १४ जानेवारी २०२५

श्रीमती सिंधु पटणे,
संचालिका, पटणे संगीत वर्ग, लातूर

रविवार, दिनांक १२ जानेवारी २०२५ रोजी सकाळी अकरा वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी, लातूरच्या भरल्या सभागृहात, दोनशे माणसांसमोर तू माझा आवाज पुसून टाकलास आणि वर त्यावर हशा मिळवलास.

वेळ मिनिटासकट लिहिली म्हणून हसू नकोस. सदतीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. ट्रंक कॉलच्या तिकिटावर कॉल कधी लागला आणि कधी तुटला हे लिहावंच लागायचं. खातं सुटलं, सवय राहिली.

खरं तर तुला 'तुम्ही' लिहिणार होते. दोन ओळी लिहून फाडल्या. जिच्या केसांतल्या उवा मी होस्टेलच्या गच्चीवर बसून काढल्या तिला 'आपण' म्हणणं मला जमणार नाही.

आज संक्रांत. तिळगूळ पाठवत नाही. गोड बोलायची माझी तयारी नाही.

तुझ्या वर्गाच्या कार्यक्रमाच्या निमंत्रणपत्रिकेच्या कोपऱ्यात तू हाताने लिहिलं होतंस, 'दर्शने, पाणवठ्याचं गाणं सापडलं. ये. स्वतःला ऐकशील.' या शेवटच्या दोन शब्दांसाठी मी सकाळी सहाच्या एस.टी.त बसले. लोह्याच्या पुढे रस्ता असा की कमरेचे मणके मोजून घ्यावेत. तरी आले. तुला ठाऊक आहे, २०११मध्ये माझं थायरॉइडचं ऑपरेशन झालं. आवाजाची नस गाठीला चिकटलेली होती. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, त्यांना बोल नाही. पण तेव्हापासून फोनवर रिक्षावाले मला 'बोला काका' म्हणतात. माझा गाता आवाज या जगात एकाच ठिकाणी उरला होता: ९ फेब्रुवारी १९७९ला आंतरमहाविद्यालयीन समूहगान स्पर्धेत, तुझ्या अण्णारावदादांनी उदगीरहून आणलेल्या टेपरेकॉर्डरवर भरलेल्या त्या कॅसेटमध्ये.

मी तिसऱ्या रांगेत बसले होते. शेजारी आपल्या चमूतली वर्षाराणी. गाणं सुरू झालं. आपल्या गाण्याच्या सुमनबाईंची पेटी, मग आपल्या नऊजणींचं पहिलं कडवं. माझ्या अंगावर काटा आला, हे लपवत नाही. मग दुसरं कडवं आलं. मी पर्स घट्ट धरली. 'भरली घागर, हळू गं हळू' या ओळीला मी खाली जायची. ओळ आली, गेली. खाली कुणीच नव्हतं. वरच्या मुली तेवढ्या गात होत्या, इस्त्री केल्यासारख्या गुळगुळीत.

मला वाटलं, यंत्रात बिघाड असेल. तेवढ्यात तू माईक घेतलास.

"तेव्हा आमच्यात एक मैत्रीण होती. गायची लई मनापासून, पण सूर सारखा खाली! आमच्या सूनबाईंनी मशीनवर तो काढून टाकला. सेहेचाळीस वर्षांनी गाणं सुरात आलं बघा!"

दोनशे माणसं हसली. वर्षाराणीने कोपर मारलं. "अगं, तूच की ती!"

मी जेवायला थांबले नाही. पोळीला वास येत होता म्हणून मी उठले असं कुणी सांगितलं असेल तर ते खोटं आहे. मी पोळीपर्यंत पोचलेच नाही.

आता मुद्द्याचं. मी बेसूर नव्हते, हे तुला माहीत आहे. जगात दोनच माणसांना माहीत आहे आणि त्यातली एक तू आहेस. मिशनच्या सिस्टरांच्या शाळेत अर्ध्या मुली चाल गायच्या आणि अर्ध्या तिच्या खालून, वेगळ्या स्वरांवर, पायाला पाय लावून चालायच्या. सिस्टर एलिझा त्याला 'सेकंड्स' म्हणायच्या. नुसतं ऐकलं तर ते गाणं वाटायचं नाही. चालीबरोबर ऐकलं की चाल उजळायची. माझे वडील, व्यंकटी सोनकांबळे, रेल्वेत पॉइंट्समन. नाताळच्या कार्यक्रमात मला गाताना ऐकून घरी येताना म्हणाले होते, "गाणं कुणाच्या का देवाचं असंना, गळा आपला हाय."

तोच खालचा सूर मी पाणवठ्याच्या गाण्यासाठी बांधला. सुमनबाईंची परवानगी होती. आणि तो तुला शिकवला, कारण तुला काळी चारची उंच पट्टी झेपत नव्हती. दुसऱ्या कडव्यापासून आपण दोघी खाली गाणार होतो. दोघी. स्टेजवर तू मध्येच गप्प झालीस आणि मी एकटी पडले. एकटा खालचा सूर बेसूरच वाटतो, म्हणून आपण हरलो. एवढं करून माझ्यावर विनोद करायची तुला हिंमत झाली.

मागणी अशी: मूळ कॅसेट मला परत मिळावी आणि तू केलेला विनोद खोटा होता असं सहीनिशी लिहून द्यावंस. २१ जानेवारीपर्यंत. पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवत आहे, पोचपावतीसह. 'मिळालंच नाही' हे चालणार नाही.

प्रियदर्शनी सोनकांबळे



नांदेड
बुधवार, २२ जानेवारी २०२५

सिंधु,

पोचपावती शुक्रवारी आली. तुझी सही तशीच आहे, शेवटी शेपूट असलेली. उत्तर मात्र मोबाइलवर बोलून पाठवलंस. एक मिनिट अकरा सेकंद. उत्तर म्हणून ते मी धरत नाही, पण काय बोललीस ते तुझ्या माहितीसाठी उतरवून ठेवते:

"दर्शने, अगं काय हे! इतकं लई मनाला लावून घेऊ नको बग. पन्नास वर्षं होत आली की त्याला. गंमत केली मी, लोकं जांभया देऊ लागली होती. कॅसेट काय, असंल कुठं तरी, न्हाईतर गेली असंल भंगारात. सूनबाईला, तनुजालाच ठाऊक. तू ये की एकदा लातूरला. धपाटे करते."

शेवटी एक पिवळा चेहरा, हसून डोळ्यांत पाणी आलेला.

धपाटे तू अप्रतिम करतेस, त्याबद्दल तक्रार नाही. पण माझा आवाज भंगारात गेला असेल, हे वाक्य तू त्याच श्वासात बोललीस. मी तुझा तो निरोप चार वेळा ऐकला. भंगार म्हणण्याआधी तू थांबलीस. मला सदतीस वर्षं लोकांचे श्वास ऐकायचा पगार मिळाला आहे. माणूस खोटं बोलण्याआधी श्वास कुठे घेतो ते मी ओळखते.

माझा भाऊ संघपाल खालून वर आला आणि टेबलावर कागद बघून म्हणाला, "ताई, कोर्टाची नोटीस लिहून राहिलीस का?" मी म्हटलं, नोटीसच. तो म्हणाला, "मग तुझा तो सोमवार बी लिही. आम्हाला शंभर वेळा ऐकवलास, तिला एकदा तरी ऐकव."

तर लिहिते.

सोमवार, १२ फेब्रुवारी १९७९. सकाळी साडेदहा. सुमनबाईंची खोली. परीक्षकांचा कागद बाईंच्या हातात होता. ढाल मिळाली नव्हती, उत्तेजनार्थही नव्हतं. कागदावर एक ओळ होती: 'दोन मुली सुरात नाहीत.'

बाई चिडल्या नव्हत्या. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढून विचारलं, "कोण होत्या गं दोघी?"

वर्षाराणी लगेच म्हणाली, "एक तर प्रियदर्शनीच असणार की बाई. सिस्टरांनी शिकवलं म्हणून काय गाणं येतं व्हय?"

'सिस्टरांनी शिकवलं' याच्या जागी तिला दुसरंच काही म्हणायचं होतं, ते खोलीतल्या नऊही जणींना कळलं. कुणी काही बोललं नाही. माझ्या डब्यातली भाजी मागून खाणाऱ्यासुद्धा बोलल्या नाहीत. मी तुझ्याकडे बघितलं. तू खिडकीबाहेर बघत होतीस. बाहेर पाण्याचा नळ होता. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

बाईंनी पुन्हा विचारलं, "आणि दुसरी?"

किती वेळ गेला ते मी लिहू शकत नाही. त्या दिवशी घड्याळ नव्हतं.

मग मी म्हटलं, "दुसरी कुणी नव्हती बाई. मी एकटीच होते. त्यांना दोन ऐकू आल्या असतील."

बाई म्हणाल्या, "पुढच्या वेळी तू नुसते ओठ हलव बाळ. उभी राहा सगळ्यांबरोबर, पण ओठ हलव." त्या प्रेमाने बोलल्या. म्हणूनच मी दुसऱ्या दिवसापासून तालमीला आले नाही. पुढच्या वर्षी तुम्ही ढाल जिंकलीत. तू बाईंची लाडकी झालीस, पुढे विशारद झालीस, लातूरला वर्ग काढलास, फोटोखाली तुझं नाव 'गुरुमाता' छापून यायला लागलं. मला त्याचा हेवा नाही. माझी नोकरी उत्तम होती आणि निवृत्तिवेतन तुझ्या फीपेक्षा वेळेवर येतं.

पण ते एक वाक्य तू माझ्याकडून कधी परत घेतलं नाहीस. 'दुसरी मी होते बाई,' एवढंच म्हणायचं होतं. सोमवारी जमलं नाही तर मंगळवारी. सुमनबाई २००६पर्यंत जिवंत होत्या. सत्तावीस वर्षं होती तुझ्याकडे.

महादेवप्पांची भीती होती, हे मी तेव्हाही समजू शकत होते. तुझे वडील उदगीरच्या दुकानात कापड मोजता मोजता म्हणाले असते, गाण्यात नाव घालवलंस, चल घरी. तुझं लग्न लागलं असतं आणि शिक्षण संपलं असतं. म्हणूनच तर मी ते वाक्य बोलले. पण त्या रविवारी तुला कुणाची भीती होती? महादेवप्पा नाहीत. बाई नाहीत. वर्षाराणीला ऐकू कमी येतं.

मागणी तीच. कॅसेट. मुदत ३१ जानेवारी, संध्याकाळी पाच. आवाजी निरोप पाठवू नकोस. कागदावर लिही. बोलण्यात तू नेहमीच सुटून जातेस.

प्रियदर्शनी



नांदेड
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

सिंधु,

मुदत संपली. तुझं पत्र आलं नाही. तुझी सून आली.

तनुजा आज दुपारी बारा वाजता दारात उभी राहिली. खांद्याला लॅपटॉपची बॅग आणि हातात धपाट्यांचा डबा. धपाटे कुणी केले ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तीळ जरा जास्त होते.

ती खुर्चीच्या काठावर बसली. म्हणाली, "मावशी, तुमचं दुसरं पत्र आईंनी डायनिंग टेबलवर ठेवलं होतं. उघडंच. मी वाचलं. चूक झाली."

"कोणती? पत्र वाचण्याची की आवाज पुसण्याची?"

"दोन्ही," ती म्हणाली. वर म्हणाली, "पण पत्र वाचल्याचं वाईट नाही वाटत."

मुलगी मला आवडली. जळकोटची आहे म्हणाली. पुण्यात आवाजाच्या स्टुडिओत काम करते. बोलते मोजकं.

तिचं म्हणणं मी इथे जसंच्या तसं नोंदवते, कारण त्यामुळे माझ्या पहिल्या पत्रातला एक आरोप मागे घ्यावा लागतो आणि आरोप मागे घ्यायचा तर लेखी घ्यावा, अशी माझी पद्धत आहे. ती म्हणाली, गाणं तिने तुला न सांगता साफ केलं. कार्यक्रमात तुला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता. टेपवर चालीखाली एक वेगळाच आवाज चालला होता. तिला वाटलं, कुणी मुलगी घाबरून चुकली असेल. आपल्याकडे समूहगान म्हणजे सगळ्यांनी एकच गायचं. खालून कुणी दुसरं गात असेल तर ते मुद्दाम असेल, हे तिच्या डोक्यातही आलं नाही. परीक्षकांच्याही आलं नव्हतं. सेहेचाळीस वर्षांत एवढी यंत्रं आली, पण चूक तीच राहिली.

"आईंना स्टेजवर चढताना कानात सांगितलं," ती म्हणाली. "खालचा बेसूर आवाज काढलाय म्हणून. तर त्या एकदम थांबल्या पायरीवर. मला वाटलं, गुडघा दुखला. गाणं संपल्यावर तसं बोलल्या. घरी आल्यावर दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत."

म्हणजे पुसलं तिने. ११.४७चा आरोप अर्धा खोडते. विनोदाचा अर्धा तसाच राहतो.

मग मी तिला एक विचारलं, ते तूही ऐक. मी म्हटलं, "बाळ, तू काढलेला आवाज किती जणींचा होता?"

"पत्रात तुम्ही लिहिलंय ना, दोन."

"दुसरी कोण?"

मी म्हटलं, "तुझी सासू. एकवीस वर्षांची. तुझ्या यंत्राने तिलाही पुसलं आणि ती माईक धरून टाळ्या घेत उभी राहिली."

तिने तोंडावर हात ठेवला. तुझा फोटो तिच्या मोबाइलच्या पडद्यावर आहे, हे तुला माहीत आहे का?

कॅसेट भंगारात गेलेली नाही. आतली फीत दोन ठिकाणी चिकटली आहे आणि पुन्हा वाजणार नाही, पण त्याआधी तिने ती जशी आहे तशी उतरवून घेतली होती. काढून टाकलेला आवाजही तिने वेगळा ठेवला आहे. म्हणाली, "आम्ही काढलेलं काही फेकत नाही मावशी. कधी काय लागेल सांगता येत नाही."

"पूर्ण गाणं लावू?" तिने विचारलं.

"नको. काढलेलं तेवढंच लाव."

तिने कानांवर लावायचं यंत्र दिलं. मी ते कानांवर ठेवलं. नोकरीतला हेडसेट याहून जड होता.

मी ऐकलं. आवाज स्पष्ट आहे. तनुजाचे आभार मानले, तिला चहा दिला, चार वाजताच्या गाडीत बसवलं. संघपालच्या बायकोने तिच्या डब्यात शेंगदाण्याची चटणी भरून दिली.

याविषयी आज एवढंच.

प्रियदर्शनी

ता. क. पत्र टेबलावर उघडं ठेवलंस ते विसरून, की तिने वाचावं म्हणून?



नांदेड
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

सिंधु,

मागच्या पत्रात मी 'आवाज स्पष्ट आहे' एवढंच लिहिलं. ते खरं आहे आणि त्याचाच त्रास आहे. सात दिवस झाले. आज त्या स्पर्धेला बरोबर सेहेचाळीस वर्षं झाली. आज लिहिलं नाही तर मी कधीच लिहिणार नाही.

आधी एक खोटं दुरुस्त करते. पहिल्या पत्रात मी लिहिलं, सुमनबाईंची परवानगी होती. परवानगी नव्हती. मी विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर त्या नाही म्हणाल्या असत्या, म्हणून विचारलं नाही. आपण दोघींनी तो सूर होस्टेलच्या पाण्याच्या टाकीमागे बसून बसवला. तू रोज म्हणायचीस, "दर्शने, बाईंना सांगू की गं. लई भ्या वाटतंय." आणि मी म्हणायची, "स्टेजवर ऐकल्यावर बाई स्वतःच खूश होतील." स्पर्धेच्या सकाळीही तू नको म्हणालीस. मी म्हटलं, मी हात दाबला की खाली यायचं, बाकी विचार करायचा नाही. ठरलेली खूण तीच. हात दाबला की गायचं.

म्हणजे ढाल गेली ती माझ्या हट्टाने. नऊजणींची वर्षभराची तालीम मी न विचारता पणाला लावली. बाईंच्या खोलीत मी 'एकटीच होते' म्हटलं, त्याला मी आजवर त्याग समजत आले. त्यातला अर्धा तर नुसता हिशोबीपणा होता, कारण तू तोंड उघडलं असतंस तर 'तिनेच बळजबरी केली' हेही बाहेर आलं असतं. तू ते आजपर्यंत कुणाला सांगितलं नाहीस. मी तुझं खिडकीबाहेर बघणं लक्षात ठेवलं आणि हे विसरले.

आता दुसरं. हे लिहायला हात चालत नाही, म्हणून सरळ लिहिते.

सेहेचाळीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की दुसऱ्या कडव्यात तू गप्प झालीस. संघपालला, नोकरीतल्या बायकांना, स्वतःला. तुलाही परवा रजिस्टर पोस्टाने तेच कळवलं. त्या काढलेल्या आवाजात आधी दोघी आहेत. पहिल्या दोन ओळी. माझा आवाज चांगला होता, सिंधु. जाड होता, पण भरीव होता. मला आठवत होता त्यापेक्षा चांगला होता. मी रडले नाही, तनुजाने तसं सांगितलं असेल तर चहाची वाफ होती.

मग तिसऱ्या ओळीला एकच आवाज उरतो.

मी तनुजाला म्हटलं, मागे घे. तिने घेतलं. पुन्हा मागे घे म्हटलं. पाच वेळा ऐकलं. श्वास ओळखण्यात मी चुकत नाही. तू उदगीरहून आलीस तेव्हापासून तुझं नाक चोंदलेलं असायचं आणि ओळीच्या मधोमध तू छोटासा, घाईचा श्वास घ्यायचीस. बाई त्यावर ओरडायच्या. त्या उरलेल्या आवाजात तो श्वास आहे. चारही ओळींत आहे.

गप्प झाले ती मी.

आता मला आठवतं. म्हणजे आठवत होतंच, पण त्यावर मी काहीतरी झाकून ठेवलं होतं. बाईंनी पेटीवरून मान वळवून आपल्या रांगेकडे बघितलं. रागाने नाही, गोंधळून. ते बघून माझा गळाच बंद झाला. तू डोळे मिटून गायचीस, तुला काही दिसलं नाही. नको नको म्हणणारी तू, तुझा तो बारीक आवाज घेऊन चार ओळी एकटी खाली चाललीस. एकही स्वर न चुकवता. मी शिकवलेला एकूण एक स्वर. सात मुली वर आणि खाली तू एकटी. सातव्या ओळीला मी परत आले. टेपवर कळतं, आवाज दचकून येतो.

आणि मधल्या त्या चार ओळींत तू माझा हात दाबलास. हे टेपवर नाही. हे माझ्या हातात आहे. दोनदा दाबलास. मी इतकी वर्षं समजत आले की तू मला थांब म्हणून सांगत होतीस, पुरे कर म्हणून. तुझं भित्रेपण म्हणून मी तो हात लक्षात ठेवला. आपली खूण काय ठरली होती ते मीच ठरवलेलं, आणि मीच विसरले.

माझ्या १४ जानेवारीच्या पत्रातलं 'तू मध्येच गप्प झालीस' हे वाक्य मी या पत्राने मागे घेते. बाकीचं मागे घेत नाही. बाईंच्या खोलीतली तुझी खिडकी कायम. ११.४७चा विनोद कायम. तो तू माझ्यावर केलास की स्वतःवर, हे तुझं तुला माहीत. पायरीवर तू का थांबलीस ते मला आता कळतं. पण कळणं वेगळं आणि लेखी मिळणं वेगळं.

तनुजाला मी फोन केला होता. तिने मला 'काका' म्हटलं नाही. म्हणाली, गाणं पुन्हा बांधते, खालचा आवाज होता तिथे ठेवून, मधल्या एकट्या चार ओळींसकट. मी म्हटलं, त्या चार ओळी जरा मोठ्या कर. ती म्हणाली, "आईंना विचारू?" मी म्हटलं, आपल्यात आधी विचारायची पद्धत नाही, पण या वेळी विचार. माझा हट्ट एकदा नडला तेवढा पुरे. वर्गातल्या मुलींना ते कधी ऐकवलंस तर माईक घेऊन खालच्या सुरात दोघी होत्या एवढं सांग. नावं सांगायची असतील तर दोन्ही सांग, आणि आधी तुझं सांग.

तेव्हा, सिंधे, माझी शेवटची मागणी. कॅसेट नको. माफी नको. तुझ्या गुरुमातेच्या छापील कागदावर नको, साध्या रेघी कागदावर, तुझ्या हाताने मला एवढंच लिहून पाठव: तुला भीती वाटत होती, तुला ते गायचंच नव्हतं, शेजारची मी बंद पडले होते, तर मग तू का थांबली नाहीस? आणि तो हात तू कशासाठी दाबलास?

उत्तर पोस्टानेच यावं. मोबाइलवर आलं तर ऐकणार नाही, पिवळे चेहरे आले तर उघडणार नाही. आमच्याकडे पोस्टमन बाराच्या आत येतो. शनिवार, २२ फेब्रुवारी २०२५, दुपारी बारा वाजेपर्यंत मी दारात खुर्ची टाकून बसेन. बारा वाजून एका मिनिटाने आलेलं उत्तर उशिरा आलेलं धरलं जाईल, याची नोंद घ्यावी.

दर्शना